जांभ्यासारखी उभी राहिलेली माती

त्या वर्षी आमच्या फील्ड कंपनीची एक तुकडी संयुक्त सरावासाठी अमिरातीत गेली. ऑर्डर आली तेव्हा सगळ्यांनी नकाशा उघडला. मला त्याची गरज नव्हती. मी शारजात, रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीत वाढले. अब्बांचं तिथे शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात रत्नागिरीकडची बोली. लिहायवाचायचं मराठी मी पुण्यात इंजिनीअरिंग करताना शिकले आणि उरलेलं कंपनीत जवानांकडून.

मी इंजिनीअर्समध्ये शॉर्ट सर्व्हिस ऑफिसर होते. कॅप्टन मुकादम. कंपनीत आले त्या आठवड्यात टेंटच्या कापडातून एक वाक्य ऐकू आलं होतं, “इतकी वर्षं ऑफिसर मिळत होते, आता मुकादम मिळाली.” आतले सगळे हसले. बोलणारा हवालदार खोत होता, राजापूरकडचा. मी काही बोलले नाही. मी एकूणच कमी बोलते. फौजेत त्याने फारसं अडत नाही, कारण वायरलेसवर तसंच बोलायचं असतं.

आमचा कॅम्प रास अल खैमाच्या आतल्या बाजूला, डोंगरांच्या पायथ्याशी होता. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे वाळू. तिथे वाळू नव्हती. डोंगरातून कधीतरी पाऊस पडून वादी वाहते, वादी म्हणजे कोरडी नदी, आणि ती आपल्याबरोबर गाळ आणून मैदानात पसरते. शेकडो वर्षं असा गाळ साठून झालेली ती जमीन. रंग बिस्किटाचा. बोटांत चुरली तर मैद्यासारखी मऊ. मधूनमधून गोट्यांचे थर. ट्रकखाली तिची धूळ उठली की दुपारपर्यंत खाली बसायची नाही.

पण कोरडी असताना ती अतिशय कडक होती. जेसीबीने उभी कापली तर भिंत उभीच राहायची. कातळाला टिचकी मारावी तसा आवाज यायचा. पहिल्या दिवशी खोताने कापलेल्या कडेवर हात फिरवला आणि म्हणाला, “मॅडम, हा तर आपला जांभा.”

कोकणातल्या सगळ्या पोरांनी लगेच मान्य केलं. मीही मनातून मान्य केलं. गावी सुट्टीत गेल्यावर बघितलेली आमची विहीर जांभ्यात खोदलेली आहे. तिला बांधकाम नाही, अस्तर नाही. उघडा जांभा हवेवर आणखी घट्ट होतो, आणि पाऊस त्याचं काही बिघडवत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही त्यातच वाढलो होतो.

आमच्याकडे मुख्य काम होतं एका कमांड शेल्टरचं. जमिनीत खोदायचं, माणसाच्या उंचीपेक्षा थोडं खोल, वर लाकूड, वाळूची पोती आणि माती. सराव संपायच्या आधी दोन्ही सैन्यांचे वरिष्ठ त्याची पाहणी करणार होते. समोरच्या बाजूला फळ्या आणि खांबांचा आधार दिला. मागची भिंत इतकी सरळ आणि घट्ट होती की तिचा आधार शेवटी घ्यायचं ठरलं.

आमचे सीनियर जेसीओ सुभेदार घोरपडे साहेब साताऱ्याचे. त्यांच्या नोकरीत कॅम्प कधी अव्यवस्थित राहिला नव्हता. टेंटची दोरी रेषेत, वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड, दगडांना चुना. आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. भारतातल्या कुठल्याही युनिटमध्ये कुणी मोठा माणूस यायचा असला की आधी जमिनीवर पाणी मारतात. धूळ बसते, थंडावा येतो, जागा जिवंत दिसते. तिथेही पाण्याचा टँकर रोज येत होता. साहेबांनी दोन जवान फक्त त्यासाठी लावले.

यजमान इंजिनीअर्सचा लायझन ऑफिसर कॅप्टन राशिद माझ्याच वयाचा होता. त्याला माझं अरबी शाळकरी वाटायचं आणि तो ते लपवायचा नाही.

“तू शारजाची. मग शारजाच्या टीचरसारखी का बोलतेस?”

“मला टीचरनेच शिकवलं.”

“चांगलं आहे. सैनिक घाबरतील.”

त्याच्या युनिटने आमच्या शेल्टरच्या मागे घाफची पाच रोपं लावून दिली. घाफ हे तिथलं वाळवंटी झाड, आपल्या शमीच्या नात्यातलं. पाहुण्यांना दिलेली भेट. घोरपडे साहेबांनी ती भेट फार मनावर घेतली. पाहणीच्या दिवशी यजमानांचं झाड वाळलेलं दिसता कामा नये. प्रत्येक रोपाभोवती आळं करून घेतलं आणि ती आळी दिवसातून अनेकदा काठोकाठ भरली जाऊ लागली.

त्याच दिवसांत खोताची चूल सुरू होती. मेसला भात आणि खबूस मिळायचा, खबूस म्हणजे तिथली जाड रोटी. खोताला भाकरी हवी होती. प्रत्येक पोस्टिंगवर तो जिथली माती तिथली चूल घालायचा आणि त्यावरून त्या जागेबद्दल मत बनवायचा. ही चूल घातली की दुसऱ्या दिवशी तडकायची.

“जांभ्याची माती अशी फुटते का?” घोरपडे साहेब त्याला चिडवायचे.

“साहेब, परदेशात आहे. तिला अजून भाषा कळत नाही आपली.”

मी मेसमधून अर्धं लिंबू आणलं आणि चुलीच्या तुकड्यावर पिळलं. माती फसफसली. म्हणजे चुना भरपूर. बोटावर ओली करून मळली तर वळी होईना, म्हणजे चिकणमाती कमी. भिंगातून बघितलं तर आत सुईच्या टोकाएवढी भोकं. बारीक गाळाचे कण एकमेकांना जेमतेम टेकलेले, आणि ते धरून ठेवणारा डिंक म्हणजे चुना आणि मीठ. मीठ कशाने जातं हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

मी कापलेल्या भिंतीतलं लिंबाएवढं ढेकूळ घेऊन चहाच्या रिकाम्या मगात ठेवला आणि पाणी ओतलं. जांभ्याचा खडा तसाच राहिला असता. हे ढेकूळ माझ्यासमोर बसलं. फुटलं नाही, विरघळलं नाही. आतून कुणी खुर्ची काढून घ्यावी तसं खाली बसलं आणि मगाच्या तळाशी त्याचा शिरा झाला.

मी तो मग घेऊन घोरपडे साहेबांकडे गेले.

“साहेब, शेल्टरजवळ पाणी थांबवू या.”

त्यांनी मगात बघितलं. “मॅडम, ढेकूळ आहे. भिंत भिंत असते.”

“तरी.”

साहेब माझ्यापेक्षा रँकने खाली आणि नोकरीने वीसेक वर्षं वर होते. दोघांनाही हे माहीत होतं आणि दोघंही त्याचा मान ठेवून वागायचो. ते म्हणाले, “वाटेवरचं थांबवतो. झाडांचं कसं थांबवायचं? त्यांनी दिलेली आहेत.”

“आजच्या दिवस झाडांचंही.”

“जी, मॅडम.”

त्यांनी थांबवलं. पण जमिनीत आधीच गेलेलं पाणी कुणाच्या सांगण्याने थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडांच्या बाजूने फेरी मारली. मधल्या रोपाचं आळं आदल्या दिवशी गोल होतं. आता ते बशीसारखं खोल झालं होतं आणि रोप किंचित शेल्टरकडे कललं होतं. आळ्याच्या आणि खड्ड्याच्या मधे एक भेग होती. केसाएवढी, पण कडेला समांतर आणि पूर्ण भिंतीच्या लांबीची.

खड्ड्यात खोताचं सेक्शन मागच्या भिंतीचा आधार लावायला उतरलं होतं. मी भेगेपासून मागे सरले आणि वायरलेस सेट उचलला.

“टू, धिस इज वन. काम थांबवा. सगळे बाहेर. ओव्हर.”

“वन, टू. एक खांब उभा करून येतो, मॅडम. ओव्हर.” वायरलेसवर मॅडम म्हणायचं नसतं हे खोताला शंभर वेळा सांगून झालं होतं.

“नाही. आत्ता. समोरून बाहेर. आऊट.”

मी तोपर्यंत कधी आवाज चढवलेला नव्हता. बहुधा म्हणूनच ते ऐकलं गेलं. समोरच्या रॅम्पवरून माणसं पळत बाहेर आली. मी मोजत होते. खोत आतल्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाच्या पाठीवर हात मारून त्याला पुढे ढकलत होता. शेवटचा सॅपर जवान बाहेर पडला. खोत वळला.

भिंत कोसळल्याचा मोठा आवाज येईल असं वाटतं. तसा आला नाही. गव्हाचं पोतं जमिनीवर टाकावं तसा आला. नंतर धूळ.

धूळ विरळ झाली तेव्हा खोत दिसला. छातीपर्यंत मातीत, एक हात बाहेर, पाठ समोरच्या खांबाला टेकलेली. डोळे उघडे होते. त्याच्या पलीकडे मागची अर्धी भिंत अजून उभी होती आणि तिच्यातही भेग होती.

जेसीबीचा ऑपरेटर सीटवर चढला होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. कडेवर मशीन आलं असतं तर उरलेली भिंत खोतावर आली असती. जवान कडेला गोळा होऊ लागले, त्यांना मागे घेतलं. फळ्या आडव्या टाकून त्यावरून समोरच्या बाजूने जायचं ठरवलं. एका वेळी एकच माणूस, हलका.

“मॅडम, तुम्ही नाही,” घोरपडे साहेब म्हणाले.

“साहेब, तुमचं वजन किती?”

“ब्याऐंशी.”

“माझं पन्नास.”

त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली.

फावडं वापरता येत नव्हतं. मी मेसची थाळी आणि हात वापरले. कोरडी माती पिठासारखी होती. जेवढी काढावी तेवढी बाजूने परत येत होती. ओली माती जड गोळ्यांची होती, ती निघायची, पण तिच्याखाली पुन्हा पीठ. म्हणून आधी खोताच्या दोन्ही बाजूंना फळ्या दाबून बसवल्या आणि मग आतली माती काढायला लागले. बादली भरली की दोराने मागे जायची. मागे आमचे जवान आणि राशिदची माणसं एकाच रांगेत होती. हिंदी, मराठी, अरबी काहीच लागत नव्हतं. “यल्ला”, म्हणजे चला, एवढं सगळ्यांना कळत होतं.

“श्वास?” मी विचारलं.

“अर्धा येतो, मॅडम.”

“अर्धाच घे. बोलू नकोस.”

तो गप्प बसेल असं मला खरंच वाटलं होतं.

“मॅडम, टेंटमधलं ते तुम्ही ऐकलं होतं ना? मुकादमवालं.”

“हो.”

“मग काही बोलला का नाहीत?”

“चूक काय होतं त्यात?”

त्याला हसू आलं आणि लगेच दुखलं. “बरगडी आहे,” तो म्हणाला, हिशोब सांगावा तसा.

वर यजमानांचा फायर टेंडर पोचला. त्यांच्यातल्या एकाला पाण्याने माती सैल करायची होती. मी खालून बघू शकत नव्हते, फक्त राशिदचा आवाज ऐकला. तो एरवी हळू बोलायचा. “पाण्याचा एक थेंब नाही. ऐकलंत? एक थेंब नाही.” मग काठावरून मला इंग्रजीत म्हणाला, “टीचर, तुझ्या उजवीकडची भिंत मी बघतोय. हलली तर सांगतो. तू वर बघू नकोस.”

मी वर बघितलं नाही. कमरेपर्यंत मोकळं केल्यावर मागच्या भिंतीला दोन फळ्या आणि तिरके टेकू लावता आले. गुडघ्यापर्यंत आल्यावर घोरपडे साहेब दुसऱ्या फळीवरून आडवे सरपटत आले. वजनाचा प्रश्न त्यांनी पोटावर झोपून सोडवला होता. आम्ही खोताला काखेत धरलं. बूट आतच राहिले. तो बाहेर आला.

स्ट्रेचरवर ठेवल्यावर खोत साहेबांना म्हणाला, “साहेब, जांभा नाही हा.”

“गप पड,” साहेब म्हणाले आणि त्याच्या तोंडावरची माती स्वतःच्या रुमालाने पुसली. रुमाल कोरडा होता. ते ओला करायला निघाले होते, मग थांबले आणि कोरडाच वापरला.

कॉलर बोन आणि दोन बरगड्या. बाकी काही नाही. त्या रात्री सगळी तुकडी शांत झोपली.

पाहणीला आलेल्या ब्रिगेडियर साहेबांनी कोसळलेला खड्डा बघितला आणि विचारलं, काय झालं. मी उत्तर जुळवत होते. घोरपडे साहेब सावधान होऊन म्हणाले, “साब, पानी हमने डाला. मिट्टी सूखी में खड़ी रहती है, पानी में बैठ जाती है. मॅडम ने बताया था. जब तक रोका, पानी उतर चुका था.” ब्रिगेडियर साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अब क्या करेंगे?”

“पानी डालेंगे, सर,” मी म्हणाले.

आणि तेच केलं. या मातीचा दुसरा गुण असा की ती एकदाच बसते. पाणी पिऊन एकदा खाली बसली, तिच्यातली पोकळी भरली, की पुन्हा तशी फसवत नाही. म्हणून नवी जागा आखली, भोवती मातीचा बांध घातला आणि टँकरवर टँकर आत सोडले. पाइप घोरपडे साहेबांनी स्वतः धरला होता.

“आता मारू का पाणी, मॅडम?”

“मारा.”

“किती?”

“पोटभर.”

ते मनापासून हसले. जमीन आमच्यासमोर वीतभर खाली गेली. कुणाला इजा झाली नाही. ती सुकू दिली, मग उताराने खोदली, चारही बाजूंना आधार आधी लावला. ते शेल्टर सराव संपेपर्यंत जसंच्या तसं राहिलं.

राशिद एकदा त्या भिजवलेल्या चौकोनाजवळ उभा होता. म्हणाला, “माझ्या आजोबांची खजुराची बाग याच मातीत आहे. वाळूतून पाणी पळून जातं, ही धरून ठेवते. खजूर खूश असतो. पण घर बांधताना आजोबांनी पाया गोट्यांच्या थरापर्यंत नेला होता.”

“हे तू आधी सांगायचंस.”

“तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू काही विचारत नाहीस, टीचर.”

ते खरं होतं. त्यानंतर मी विचारू लागले. अजून विचारते.

खोत गळ्यात हात बांधून हॉस्पिटलमधून परत आला तो थेट चुलीकडे. एका हाताने काही करता येईना, म्हणून तो खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा. चिकणमाती कमी असेल तर धरून ठेवायला दुसरं काहीतरी हवं, एवढं आम्हाला आता कळलं होतं. शेजारच्या बागेतून खजुराच्या झाडाचा काथ्या आणला, बारीक कापला. उंटाचं शेण आणलं. ते कोण मळणार यावर बरीच चर्चा झाली.

“मॅडमनी मला काढताना नाक धरलं नव्हतं,” खोत म्हणाला. “माझ्यासारख्या सीनियर एनसीओचा वास यापेक्षा वाईट होता.”

दोन सॅपरांनी मळलं. सावलीत सावकाश वाळवलं. चूल तडकली नाही.

पीठ अब्बांनी आणलं. रोल्लाहून कॅम्प तासाभरावर, आणि मी घरी न जाता तिथे राहते हे त्यांना रोज फोनवर खटकायचं. परवानगी घेऊन ते गेटपर्यंत आले. हातात ज्वारीच्या पिठाची मोठी पिशवी आणि सुक्या जवळ्याची चटणी.

“किती बारीक झालीस गो,” ते म्हणाले.

गेटवरच्या सॅपरने त्यांना कडक सॅल्यूट केला. अब्बा गोंधळले आणि त्यांनीही हात कपाळापर्यंत नेला. मग पिशवी माझ्याकडे देऊन म्हणाले, “तो मातीतून काढलेला पोरगा कोण? त्याला पहिली भाकरी दे.”

पहिली भाकरी खोताला दिली. त्याने ती दोन भाग केली आणि अर्धी राशिदला दिली. राशिदने चटणी चाखली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, “खलास. आता मी कोकणचा.” घोरपडे साहेबांनी खबूसला हात लावणंच सोडलं. त्या संध्याकाळी डोंगरांवरचं ऊन जाईपर्यंत आम्ही चुलीभोवती बसलो होतो. मला नोकरीतल्या कुठल्याही पदकापेक्षा ती संध्याकाळ जास्त आठवते. पदक मला मिळालंही नाही, म्हणून तुलना सोपी आहे.

पाच वर्षांनी मी फौजेतून बाहेर पडले. आता रास अल खैमात एका माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. वादीच्या गाळाचे नमुने येतात. यंत्रात दाब देऊन पाणी सोडायचं आणि माती किती बसते ते बघायचं, हे माझं रोजचं काम. ते मला आवडतं. घरी शुक्रवारी जाते.

खोत पुढे नायब सुभेदार झाला. पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात, पावसाळ्यात रस्ते उघडे ठेवायचं काम. तिथून त्याने एकदा चुलीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, “लाल माती. फर्स्ट क्लास. तडा नाही.”

गेल्या पावसाळ्यात घोरपडे साहेबांचा साताऱ्याहून फोन आला. ते आता रिटायर आहेत.

“मॅडम, खोत गेला.”

“कसा?”

“दरड आली. माणसं बाहेर काढत होता.”

“सगळी निघाली?”

“सगळी.” मग म्हणाले, “तो शेवटी निघणार होता.”

आम्ही दोघं लाइनवर राहिलो. कुणी फोन ठेवला नाही.

साइटवर जाताना माझी गाडी त्या सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशेजारून जाते. आत जाता येत नाही. पण रस्त्यावरून घाफची पाच झाडं दिसतात. चार साधारण एकाच उंचीची आहेत. मधलं एक त्यांच्यापेक्षा बरंच उंच आहे आणि किंचित कललेलं. जिथे जमीन बसली होती तिथे खळगा राहिला. वर्षात एकदोनदा पाऊस पडतो तेव्हा मैदानातलं पाणी त्या खळग्यात जमतं, आणि ती माती ते धरून ठेवते.

परवा मी गाडी कडेला घेतली आणि उतरून उभी राहिले. टाचा जुळवून, हात बाजूला. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून सॅल्यूट केला नाही. मागून एक ट्रक आला, थांबला. ड्रायव्हर पेशावरकडचा असावा.

“बाजी, गाड़ी ख़राब है?”

“नहीं, भाई. एक साथी है यहाँ. मिलने रुकी थी.”

त्याने कुंपणापलीकडे बघितलं. तिथे झाडं होती. त्याने इंजिन बंद केलं आणि मी परत गाडीत बसेपर्यंत चालू केलं नाही.